प्रवाळांच्या टाकीतील चुन्याचा रोजचा हिशेब

ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा यांसारखे दगडी प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात आणि त्यासाठी लागणारा सगळा माल भोवतालच्या पाण्यातूनच उचलतात. समुद्रात हा साठा सरत नाही. दोनशे लिटरच्या टाकीत मात्र तो दिवसागणिक उतरतो आणि तो भरून काढणे हे टाकी सांभाळणाऱ्याचे काम ठरते. भारतात दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे मालवणच्या किंवा अन्य कुठल्याही समुद्रातून त्यांचा तुकडाही काढू नये. पुढील मजकूर, टाकीतच वाढवलेले प्रवाळ जेथे कायदेशीर मार्गाने मिळतात, तेथील छंदिष्टांसाठी आहे.

समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम सुमारे ४१० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः सांगाड्याला लागणाऱ्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण, सुमारे ७ डीकेएच (हे तिचे एकक) आणि मॅग्नेशियम सुमारे १२८० पीपीएम असते. टाकीत कॅल्शियम ४०० ते ४५०, अल्कलिनिटी ७ ते ९ आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० या मर्यादेत राखावे. तिन्हींपैकी सर्वांत जास्त लक्ष अल्कलिनिटीकडे द्यावे असे माझे ठाम मत आहे आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे. सांगाडा बांधताना २.८ डीकेएच अल्कलिनिटी खर्च होते तेव्हा कॅल्शियम फक्त २० पीपीएम उतरते. म्हणजे ८ डीकेएचपैकी तिसरा हिस्सा निघून गेलेला असतो, तरी कॅल्शियम ४२० वरून जेमतेम ४०० वर आलेले असते. कॅल्शियमचा आकडा पाहून निश्चिंत राहणाऱ्याच्या टाकीत प्रवाळ उपाशी असू शकतात.

टाकीत काहीही घालण्यापूर्वी क्षारता, म्हणजे पाण्यातील मिठाचे प्रमाण (हजार भागांत किती भाग), तपासावी. ती ३५ ऐवजी ३१ असेल, तर तिन्ही आकडे त्याच प्रमाणात खाली येतात आणि अशा वेळी कॅल्शियम नव्हे, मीठ कमी पडलेले असते. क्षारता मोजण्याचे उपकरण, रिफ्रॅक्टोमीटरही ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा. केवळ शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून त्यावर विसंबू नये.

त्यानंतर टाकीची रोजची गरज काढावी. पाणी बदलणे आणि सर्व डोस थांबवून अल्कलिनिटी मोजावी आणि तीन दिवसांनी त्याच वेळी पुन्हा मोजावी. टेस्ट किटच्या नळीत थेंब सोडताना शेवटी रंग पालटू लागतो, तेथे घाई करू नये: एक थेंब, मग नळी हलवणे, मग पांढऱ्या कागदासमोर धरून पाहणे. समजा, सोमवारी ८.४ आणि गुरुवारी ७.२ आले, तर रोजचा खर्च ०.४ डीकेएच झाला. शंभर लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, तेव्हा दोनशे लिटरला रोज २.४ ग्रॅम पुरे. त्याच्या जोडीचे कॅल्शियम रोज सुमारे ३ पीपीएम होते आणि त्यासाठी कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट सुमारे २.१ ग्रॅम लागते. येथे लिटर म्हणजे खडक आणि वाळू वजा जाता उरलेले खरे पाणी. १२० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरच्या टाकीत ते साधारण दोनशेच भरते. खाण्याच्या सोड्याऐवजी बेकिंग पावडर मात्र कधीही घालू नये, कारण तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतात.

सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड यांची द्रावणे आरओ-डीआय (गाळून क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात वेगवेगळी करावीत आणि जोराच्या प्रवाहात, मध्ये काही तासांचे अंतर ठेवून सोडावीत. सुरुवातीच्या काळात मी दोन्ही एकामागोमाग एकाच कोपऱ्यात ओतली होती. पाण्यात दुधासारखा ढग उठला, दुसऱ्या दिवशी हीटरवर पांढरा खरखरीत थर बसलेला दिसला आणि प्रवाळांसाठी घातलेला बराचसा माल असा वाया गेला. आकडा फार उतरला असला तरी अल्कलिनिटी दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नये. ॲक्रोपोराची टोके अशा उडीनेच जळतात.

मॅग्नेशियम सांगाड्यात थोडेच जाते, त्यामुळे ते महिन्यातून एकदा मोजले तरी चालते, पण त्याचे काम मोठे आहे. कॅल्शियम कार्बोनेटचे कण तयार होऊ लागले की त्यांच्या पृष्ठभागावर बसून ते त्यांची वाढ रोखते. ते कमी पडले, तर कितीही डोस दिला तरी कॅल्शियम आणि अल्कलिनिटी टिकत नाहीत. माल प्रवाळांऐवजी पंपांवर आणि हीटरवर बसतो. शंभर लिटरमध्ये १० पीपीएम वाढवायला मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट सुमारे ८.४ ग्रॅम लागते.

प्रवाळ थोडे असतील, तर मला चुन्याची निवळी सर्वांत आवडते, कारण ती कॅल्शियम आणि अल्कलिनिटी सांगाड्याला हव्या त्याच प्रमाणात देते. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावे. पानाचा चुना घेऊ नये, त्यात आणखी काय आहे ते कळत नाही. लिटरभर आरओ-डीआय पाण्यात दीड ग्रॅम ढवळून, झाकून, रात्रभर ठेवावे आणि वरची निवळी तेवढी घ्यावी. वर आलेली पातळ साय कॅल्शियम कार्बोनेटची असते, ती निरुपयोगी होय. शंभर लिटरला एक लिटर निवळी सुमारे १ डीकेएच आणि ८ पीपीएम कॅल्शियम देते. तिचा पीएच १२ च्या वर असल्यामुळे हातमोजे घालावेत आणि ती बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याच्या जागी, रात्री, थेंबाथेंबाने सोडावी.

प्रवाळ वाढतात तशी गरजही वाढते, म्हणून आठवड्यातून दोनदा अल्कलिनिटी आणि एकदा कॅल्शियम मोजून वहीत टिपावे. डोस तोच असताना आकडा चढू लागला, तर प्रवाळांनी सांगाडा बांधणे मंदावले आहे असे समजावे, त्याच दिवशी डोस कमी करावा आणि तापमान, क्षारता व पंप यांची तपासणी करावी.