कोकणात कुंडीतले गुलाब आणि पुदिना पावसात का मरतात? या चुका टाळा

कोकणात गुलाब होत नाही असं सर्रास ऐकायला मिळतं, पण ते खरं नाहीये. गुलाब होतो, पुदिना होतो, तुळशीचं तर विचारूच नका. फक्त घाटावरच्या पद्धतीने कुंड्या भरल्या की जुलैत सगळं सडतं. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चारच महिन्यांत, त्यामुळे कुंडी भरतानाच पाणी बाहेर कसं जाणार ते बघायचं.

पहिली चूक जागेची. पडवीच्या कडेला जिथे पागोळ्या पडतात नेमकी तिथेच कुंड्यांची रांग असते, मग कौलांवरच्या धारेने माती उडते, मुळं उघडी पडतात आणि खत वाहून जातं ते वेगळंच. कुंड्या दोन हात बाजूला घ्या, पण पार आत अंधारात नको, गुलाबाला पाच-सहा तास ऊन लागतंच. खाली चिऱ्याचे दोन तुकडे द्या म्हणजे भोकं मोकळी राहतात, आणि बशा मिरगाच्या आधीच काढून ठेवा, डासही होणार नाहीत.

आता माती, इथे खरी गडबड होते. कलमी गुलाब बऱ्याचदा घाटावरून येतो, काळ्या चिकट मातीच्या गोळ्यासकट. पिशवी फाडून गोळा दाबून बघा, बोटाचा ठसा तसाच राहिला तर ती माती पावसात चिखल होणार आणि एप्रिलमध्ये दगड, पाणी नुसतं कडेने निघून जाणार. असा गोळा बादलीत भिजवून बाहेरची माती हळूहळू सुटी करा, मुळं तोडू नका. मग किमान बारा इंची कुंडीत लाल माती, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट सारखं सारखं घेऊन लावा. कोकोपीटऐवजी घरच्या नारळाची सोडणं वापरणार असाल तर आधी काही दिवस पाणी बदलत भिजवा. आणि प्लीज, पुळणीची वाळू घालू नका, त्यात मीठ असतं! कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा, जोडाखालून फूट आली की ती बुडातूनच काढायची, नाहीतर रानगुलाब माजतो आणि वरचं कलम मरतं.

ताजं शेण घालणं पण टाळा. पहिल्या पावसात हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात, अर्धवट कुजलेलं शेण त्यांना अंडी घालायला आवडतं. पाणी बरोबर असूनही झाड अचानक मान टाकतंय तर माती उकरून बघा, हुमणीची पांढरी, वाकडी अळी मुळं खात बसलेली सापडेल.

पानांवर काळे ठिपके, मग पान पिवळं आणि गळती, ही पावसातली नेहमीची तक्रार. ही बुरशी आहे, पान सलग काही तास ओलं राहिलं की लागते. कुंड्यांमध्ये हवा खेळू दे, गळलेली पानं रोज उचला, पाणी सकाळी आणि मुळाशीच घाला. भर पावसात मोठी छाटणी करू नका, फक्त काळी पडलेली फांदी हिरव्या भागापर्यंत कापून वर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. मुख्य छाटणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस खरंच गेल्यावर, मग साधारण दीड महिन्यात फुलं येतात. पुढे उन्हाळ्यात पानं धुरकट दिसली तर उलटी करून बघा, बारीक जाळं आणि हलणारे लाल कण म्हणजे कोळी, पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारा, तोही सकाळीच.

पुदिना गुलाबाच्याच कुंडीत लावायचा मोह आवरा, तो सगळी कुंडी व्यापतो, त्याला वेगळा पसरट टब आणि सकाळचं कोवळं ऊन पुरे. कोथिंबीर पावसात पेरलीत तर कुजते, नवरात्रानंतर धणे रगडून टाका. रोझमेरी जून ते सप्टेंबर छपराखालीच ठेवा, माती सुकल्याशिवाय पाणी नको. पानओव्याची मात्र काळजीच नाही, फांदी खोचली की जगतो.

आणि गुलाबावर कुठलंही रासायनिक औषध मारणार असाल तर तुळस, पुदिना आधी लांब उचलून न्या. ती पानं आपण चहात आणि चटणीत घालतो, घरातली पोरं तर येता-जाता तोडून तोंडात टाकतात.