दुसऱ्याचं घर आवरायला जाताय? या चुका टाळा

घर हाताबाहेर जातं ते बहुतेक वेळा आजारपणाने, म्हातारपणाने, नाहीतर घरातलं कुणी गेल्यावर. आळस क्वचितच. दारातच "बापरे!" म्हणालात की घरची माणसं मिटतात आणि दिवसभर तुम्हाला काहीच सांगत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक न विचारता टाकण्याची. मी एकदा जुनी रद्दी समजून एक गठ्ठा गोणीत कोंबला होता. त्यात आजींनी जपलेली मुलाची प्रगतिपुस्तकं होती. गोणी अजून अंगणातच होती म्हणून वाचली. तेव्हापासून मी तीन ढीग करते: ठेवायचं, टाकायचं, विचारायचं. कागद, फोटो, औषधं, किल्ल्या थेट तिसऱ्या ढिगात, आणि त्याचा निकाल घरच्यांनीच लावायचा. वेळ लागतो, लागू द्या.

दुसरी चूक जिवावर बेतू शकते. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये ब्लीच मिसळलं तरी विषारी वायू तयार होतो. मुद्दाम कुणी मिसळत नाही. सकाळी एकाने एक ओतलेलं असतं, दुपारी दुसरा येऊन दुसरं ओततो. म्हणून बाटल्या एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा. डोळे चुरचुरले, खोकला लागला तर आवरत बसू नका, सगळ्यांना घेऊन आधी बाहेर पडा. तसंही बरीचशी घाण साबणाच्या पाण्यानेच निघते. मळावर ब्लीच ओतलं तर त्याचा जोर मळातच संपतो, त्यामुळे आधी धुणं, मग ब्लीच.

उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते आणि तिच्यातून रोग पसरू शकतात. अर्धा तास दारं-खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे आणि मास्क घाला. 1 भाग ब्लीच, 9 भाग पाणी असं ताजं मिश्रण शिंपडून 5 मिनिटं भिजू द्या, मग पुसून घ्या.

भिंतीवरची बुरशी पुसली आणि महिन्याभरात परत आली? मग ओल कुठून येते ते बघितलंच गेलं नाही. गळका नळ किंवा पाइप आधी दुरुस्त करायला हवा, रंग नंतर. ओल्या भिंतीजवळ काम करताना मेन स्विच बंद.

एका दिवसात सगळं घर होत नाही. स्वयंपाकाचा ओटा, संडास आणि एक स्वच्छ अंथरूण, एवढं पहिल्या दिवशी पुरतं, कारण रात्री त्या माणसांना तिथेच झोपायचं असतं.