व्हिडिओ अ‍ॅनालिटिक्सच्या कामात नवीन आहात? आधी सबस्ट्रीम उघडून बघा

सीसीटीव्हीची केबल ओढणं, पीओई स्विच (केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा) जोडणं, एनव्हीआरवर (रेकॉर्डरवर) कॅमेरे चढवणं तुम्हाला येतं असं धरून पुढचं लिहिलंय. त्यावर अ‍ॅनालिटिक्स (चित्रातला माणूस ओळखून अलार्म देणारं सॉफ्टवेअर) चालू करायचं काम अंगावर आलं की पहिल्या आठवड्यात दोनच तक्रारी येतात. एक, अलार्म थांबतच नाहीत. दोन, माणूस भिंतीवरून आत आला तरी अलार्म नाही. मग नवखा माणूस सेन्सिटिव्हिटीचा स्लायडर पुढे-मागे करत बसतो. निदान पहिले दोन दिवस त्या स्लायडरला हात लावू नका.

खरा घोळ बहुतेक वेळा स्ट्रीममध्ये, म्हणजे कॅमेऱ्याकडून येणाऱ्या व्हिडिओच्या प्रवाहात असतो. हे जरा लांबण लावून सांगतो, कारण इथे महिने वाया जातात.

भिवंडीच्या एखाद्या गोडाऊनची मागची भिंत घ्या. ८ मेगापिक्सेलचा बुलेट कॅमेरा, ४ मिमी लेन्स. स्क्रीनवर चित्र झकास दिसतं, म्हणून सगळे निश्चिंत. पण स्क्रीनवर दिसतो तो मेनस्ट्रीम, म्हणजे पूर्ण आकाराचा मुख्य स्ट्रीम, ३८४० × २१६० पिक्सेलचा. एनव्हीआर किंवा सर्व्हरवर चालणारं अ‍ॅनालिटिक्स बऱ्याचदा सबस्ट्रीम (त्याच चित्राची लहान, हलकी प्रत) घेतं, कारण चाळीस कॅमेऱ्यांचा मेनस्ट्रीम डीकोड करायची ताकद त्या मशीनमध्ये नसते. सबस्ट्रीम बऱ्याचदा असतो ६४० × ३६० चा.

आता टेप घेऊन जागेवर जा. कॅमेऱ्यापासून २० मीटरवर चित्राच्या डाव्या आणि उजव्या कडेला एकेक माणूस उभा करा आणि दोघांमधलं अंतर मोजा. समजा ३२ मीटर भरलं. मेनस्ट्रीमवर ३८४० भागिले ३२, म्हणजे मीटरला १२० पिक्सेल. पावणेदोन मीटरचा माणूस २१० पिक्सेल उंच, उत्तम. सबस्ट्रीमवर तेच गणित मीटरला २० पिक्सेलवर येतं. माणूस ३५ पिक्सेल उंच आणि जेमतेम १० पिक्सेल रुंद. इथेच संपत नाही. पुष्कळ सॉफ्टवेअरं चित्र मॉडेलला (माणूस ओळखणाऱ्या भागाला) देण्याआधी आणखी आक्रसतात. रुंदी ३२० वर आली की त्याच माणसाचे उरले १७ × ५ पिक्सेल. एवढ्यात माणूस कुठला आणि बादली कुठली!

तुमच्याकडचा एखादा सबस्ट्रीम ७०४ × ५७६ चा असेल तर आणखी एक गंमत. रुंद चित्र चौकोनी साच्यात दाबलं जातं, माणसं काठीसारखी उभट होतात आणि मॉडेल गोंधळतं. कॅमेऱ्यात तिसरा स्ट्रीम असेल तर तो १२८० × ७२० वर लावून अ‍ॅनालिटिक्सला द्या. वरच्या उदाहरणात मीटरला ४० पिक्सेल मिळतात, माणूस ७० पिक्सेल उंच. बहुतेक कामं एवढ्यावर भागतात.

आयईसी ६२६७६-४ या सीसीटीव्हीच्या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीतले मीटरला २५, ६२.५, १२५ आणि २५० पिक्सेल हे आकडे (कोणीतरी आहे हे कळणं, हालचाल न्याहाळणं, ओळखीचा माणूस ओळखणं, अनोळखी माणसाची ओळख पटवणं) पाठ असू द्या. पण ते स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसाठी आहेत. सॉफ्टवेअरला किमान किती पिक्सेल लागतात ते त्याच्याच मॅन्युअलमध्ये बघायचं, आणि मोजताना अ‍ॅनालिटिक्सला मिळणारा स्ट्रीमच मोजायचा.

एवढं झालं की निम्मी लढाई जिंकलात, हे खरंच. बाकीचं हाताला सवयीने येतं.

स्ट्रीमच्याच पानावर असताना एच.२६५ प्लससारखे ‘स्मार्ट’ कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती) अ‍ॅनालिटिक्सच्या स्ट्रीमवर बंद करा. हार्ड डिस्कवरची जागा वाचते, पण आय-फ्रेम (पूर्ण चित्र असलेल्या फ्रेम) लांब-लांब पडतात आणि चित्र मध्येच चिखलासारखं होतं. सेकंदाला १५ फ्रेमच्या स्ट्रीमला आय-फ्रेम इंटरव्हल १५ ते ३० ठेवा. रात्रीचा शटर ऑटोवर सोडू नका. १/२५ सेकंदाच्या शटरवर सेकंदाला ५ मीटर धावणारा माणूस एका फ्रेममध्ये २० सेंटिमीटर फरपटतो. मीटरला ४० पिक्सेल असताना तो ८ पिक्सेलचा डाग, आणि माणसाची रुंदीच २० पिक्सेल. शटर १/१०० करा, उजेड वाढवा. मालक दिव्याच्या खर्चाला कुरकुरतो. कुरकुरू द्या.

जी ओलांडली की अलार्म वाजतो ती रेषा चित्राच्या अगदी कडेला आखू नका. सॉफ्टवेअर आधी माणूस पकडतं, मग त्याचा माग ठेवतं, आणि मगच त्याने रेषा ओलांडली का ते ठरवतं. सेकंदाला ५ फ्रेम तपासली जात असतील तर धावणारा माणूस दोन फ्रेमच्या मध्ये १ मीटर पुढे जातो. रेषेच्या दोन्ही बाजूंना किमान ३ मीटर मोकळी जागा चित्रात हवी. शिवाय बरीच सॉफ्टवेअरं माणसाभोवती धरलेल्या चौकटीच्या खालच्या कडेचा मध्यबिंदू धरतात, म्हणून रेषा भिंतीच्या माथ्यावर नको, पाय जमिनीला टेकतात तिथे हवी.

खोट्या अलार्मचं गणित मालकाला आधीच करून दाखवा. ६४ कॅमेरे, प्रत्येकी दिवसाला फक्त १० खोटे अलार्म, म्हणजे ६४०. दर सव्वादोन मिनिटांना एक. तिसऱ्या दिवशी ऑपरेटर आवाज बंद करतो आणि त्यात त्याची चूक नसते. कारणं ठरलेली: आयआरच्या (रात्री लागणाऱ्या इन्फ्रारेड दिव्याच्या) उजेडाला येणारे किडे, त्यांच्या मागे येणारा कोळी आणि त्याचं लेन्ससमोरचं जाळं, पावसाचे थेंब, गाड्यांचे हेडलाइट, कुत्री. कॅमेऱ्यातला आयआर बंद करून वेगळा दिवा दीड-दोन मीटर बाजूला लावला की किड्यांचा उपद्रव बराच कमी होतो. पावसाळ्याआधी फांद्या छाटा. किमान आकाराचा फिल्टर (त्याहून लहान गोष्टी वगळणारा) लावा, पण वाकून चालणारा माणूसही त्यातून गळत नाही ना, हे तपासूनच.

फाटकावरच्या त्याच कॅमेऱ्याने नंबर प्लेटही वाचून देतो, असं कबूल करू नका. त्याला वेगळा कॅमेरा, १/५०० किंवा त्याहून जलद शटर आणि ३० अंशांच्या आतला कोन लागतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट आली, तरी जुन्या गाडीवर ४१४१ चं ‘दादा’ केलेलं असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर हात टेकतं.

शिकायचं कुठे? डेमो क्लिप दाखवणाऱ्या विक्रेत्याकडून नाही. त्या क्लिपमध्ये कायम भर दुपार असते. ‘सेन्सिटिव्हिटी ८० ठेवा, काम होईल’ म्हणणाऱ्या सिनियरकडूनही नाही. घरी जुन्या कॉम्प्युटरवर फ्रिगेट हे फुकट सॉफ्टवेअर टाका. त्यात डिटेक्ट आणि रेकॉर्ड यांना कोणता स्ट्रीम द्यायचा हे स्वतः ठरवावं लागतं, त्यामुळे वरची चूक करणं जड जातं. आणि रात्रपाळीच्या वॉचमनशी बोला. कुत्री कुठून येतात आणि माणसं कुठून, हे त्याला तोंडपाठ असतं.

काम सोपवण्याआधी चालून बघा: सरळ, वाकून, पळत, छत्री घेऊन, रेनकोट घालून. प्रत्येक प्रकार दहा वेळा, दुपारी, तिन्हीसांजेला आणि रात्री दोनला. किती पकडले, किती सुटले, वहीत लिहा. आकडे वाईट आले तर घाबरू नका, पहिल्यांदा वाईटच येतात. त्याच दिवशी प्रत्येक कॅमेऱ्याचा एक स्नॅपशॉट जपून ठेवा. गणपतीत मांडव उभा राहतो, मांडववाला कॅमेऱ्याच्या पोलला दोरी बांधतो, कॅमेरा दोन अंश फिरतो आणि भिंतीलगतची रेषा रस्त्यावर जाऊन पडते. मांडव निघाला की तो स्नॅपशॉट काढून चित्र पुन्हा जुळवून घ्या.