ब्लूज गिटार गुरूकडून कशी शिकावी

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे गाणे-वाजवणे, शिकायचे तर गुरू धरावा; नोटेशनवरून सूर सापडतात, पण दोन सुरांमध्ये कुठे थांबायचे ते सापडत नाही. १९९९ साली जन्मलेला ब्लूज गिटारवादक क्रिस्टोन 'किंगफिश' इंग्रॅम अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेलच्या डेल्टा ब्लूज म्युझियमच्या वर्गात बिल पेरी यांच्यासारख्या जाणत्या वादकांकडे शिकला, पुढे ज्येष्ठ ब्लूज गिटारवादक बडी गाय यांनी त्याला हात दिला आणि २०२२मध्ये त्याच्या '६६२' या अल्बमला ग्रॅमी मिळाले.

मुंबईत शिक्षक निवडताना प्रमाणपत्रे पाहू नयेत, तो गायकामागे कशी साथ करतो ते ऐकावे. प्रथम 'ए' या पट्टीतला बारा 'बार'चा साचा घोटावा (बार म्हणजे चार मात्रांचे आवर्तन; ए, डी, ई ही कॉर्डची, म्हणजे एकत्र छेडायच्या स्वरसमूहांची नावे): ए चार, डी दोन, ए दोन, ई व डी एकेक, शेवटी ए दोन. मग बेंड, म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवणे. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटमध्ये (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरचा पडदा) अनामिका ठेवून, तिच्यामागे मधले बोट व तर्जनी टेकवून, सतारीवर मींड ओढावी तशी तार सरकवावी आणि नवव्या फ्रेटचा सूर गाठावा. तो सूर आधी वाजवून कानात बसवलेला असावा. (चाळीत रात्री हेडफोन लावावा, हे वेगळे सांगायला नको.) वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओतल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवासारख्या मैफलीत मात्र वादकाच्या तारा दाबणाऱ्या हाताकडे नव्हे, तर छेडणाऱ्या हाताकडे लक्ष ठेवावे.