शोषचर तुंबू नयेत म्हणून, आणि तुंबले तर

सेप्टिक टँकची देखभाल म्हणजे टाकी भरली की उपसून घ्यायची, असाच बहुतेकांचा समज असतो. पण टाकीचं काम अर्धंच आहे. जड मैला खाली बसवायचा, तेलकट साय वर अडवायची आणि मधलं गढूळ पाणी पुढे सोडायचं. ते पाणी खऱ्या अर्थाने स्वच्छ होतं ते शोषचरांखालच्या मातीत, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या चरांखाली. टाकी दुरुस्त करता येते, बदलताही येते. चरांखालची माती चोंदली की मोकळी व्हायला महिने लागतात, आणि नवे चर घ्यायचे तर आवारात तेवढी जागा शिल्लक असावी लागते. म्हणून जपायचं ते या मातीला.

चराची रचना साधी असते. तळाशी 15 ते 30 सेंटिमीटर धुतलेली खडी, तीवर 100 मिलिमीटरचा भोकं पाडलेला पाइप, पुन्हा थोडी खडी, वर माती आत येऊ न देणारं जिओटेक्स्टाइल कापड आणि त्यावर साधारण 30 सेंटिमीटर माती. खडी जिथे मातीला टेकते तिथे जिवाणूंचा काळा, बुळबुळीत थर धरतो. पातळ असेल तोवर हा थर उपकारकच असतो, कारण पाणी हळूहळू खाली जातं आणि रोगजंतू वरच अडतात. बिघडतं ते थर जाड झाल्यावर. तो जाड होण्याची कारणं दोनच: टाकीतून मैला आणि तेल वाहून येणं, किंवा चर सतत पाण्याने भरलेला राहून मातीला हवाच न मिळणं. पुढचे सगळे उपाय या दोन कारणांवरचे आहेत. यांपैकी एकालाही हात न घालणारी बाटली किंवा पूड कोणी विकत असेल, तर पैसे वाचवा.

आधी टाकी

उपसा दर 3 ते 5 वर्षांनी करावा असं म्हणतात, पण घरातली माणसं आणि टाकीचा आकार यांवर ते ठरतं. त्यापेक्षा वर्षातून एकदा मोजा. लांब काठीच्या खालच्या मीटरभर भागाला जुना पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळून बांधा. बाहेर जाणाऱ्या पाइपाजवळच्या झाकणातून ती सरळ तळापर्यंत सावकाश उतरवा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि तशीच सरळ वर काढा. टॉवेलवर गाळाचा काळा पट्टा कुठवर आलाय ते स्पष्ट दिसतं. सायीसाठी दुसऱ्या काठीच्या टोकाला आडवी पट्टी ठोका. ती सायीतून खाली घालून हळूच वर ओढली की सायीच्या तळाला अडते, तिथे खूण करा. गाळ आणि साय मिळून टाकीचा एक तृतीयांश भाग व्यापत असतील, किंवा गाळाचा वरचा थर टी-पाइपच्या (पाणी टाकीबाहेर जातं तिथल्या T आकाराच्या पाइपच्या) खालच्या तोंडापासून 30 सेंटिमीटरच्या आत आला असेल, तर उपसा लगेच करून घ्या.

झाकण उघडं असताना टाकीवर वाकू नका, जवळपास आग नको, मुलांना लांब ठेवा. टाकीत कोणत्याही कारणाने उतरायचं नाही. कोणी आत पडलं तरी मागोमाग उतरू नका, बाहेरूनच मदत बोलवा. आतला हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं, त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे धोका नाही’ हा अंदाज जीवघेणा ठरतो.

उपसा झाल्यावर टी-पाइप पाहून घ्या. जुन्या टाक्यांत त्याजागी काँक्रीटची आडभिंत असते आणि ती वायूंनी झिजून गळून पडते. मग साय थेट चरात जाते. 100 मिलिमीटरचा पीव्हीसी टी बसवणं हे छोटं काम आहे. त्यातच गाळणी बसवली तर चराचं आयुष्य वाढवणारा याहून स्वस्त उपाय नाही. ही गाळणी वर्षातून एकदा तरी काढून टाकीत घरचं पाणी येतं त्या बाजूच्या तोंडावर धरून नळीने धुवा. ती बाहेर असेपर्यंत घरात पाणी वापरू नका.

सिंकमधून तेल, पीठ, चहाचा चोथा जाऊ देऊ नका. खरकटं दळणारं यंत्र टाकीवरचा बोजा खूप वाढवतं. ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, पेंट, थिनर काहीही शौचालयात नको. जिवाणू वाढवणाऱ्या पावडरींची गरज नसते, मैल्यात जिवाणू भरपूर असतात.

मग पाणी

फ्लशच्या टाकीतली बारीक गळती दिवसाला शेकडो लिटर पाणी गुपचूप चरात पोचवते. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका. 15 मिनिटं फ्लश न करता भांड्यात रंग उतरला, तर वायसर बदला. आठवड्याचे कपडे एकाच दिवशी धुण्यापेक्षा रोज थोडे धुवा. छपराचं पाणी चरांच्या दिशेने मुळीच येऊ नये: 100 चौरस मीटर छपरावर 50 मिलिमीटर पाऊस पडला की 5000 लिटर पाणी होतं. वरच्या उतारावरून पाणी येत असेल तर चरांच्या वरच्या अंगाला आडवा निचरा चर काढून ते बाजूला वळवा.

चरांवर गाडी, फरशी, प्लास्टिक, वाळूचे ढीग नकोत. दाबलेल्या मातीत हवा शिरत नाही. गवत उत्तम. वड, पिंपळ, विलो, बांबू यांची मुळं ओल शोधत थेट पाइपात शिरतात, ही झाडं लांबच बरी.

तुंबलंय कुठे?

गवताचा एकच पट्टा गडद हिरवा, पायाखाली ओल, वास, बाथरूममध्ये गुडगुड आवाज ही लक्षणं. पण लगेच खणायला घेऊ नका. प्रत्येक चराच्या टोकाला तपासणी पाइप असायला हवा. नसेल तर हाताने खणून खडीच्या तळापर्यंत 100 मिलिमीटरचा पाइप उभा करा, त्याच्या खालच्या भागाला भोकं ठेवा आणि वर झाकण लावा. यंत्राने खणलं तर पाइप फुटतो.

आत डोकावल्यावर उलगडा होतो. सगळे चर कोरडे आणि घरात पाणी तुंबतंय, तर अडथळा चरांच्या अलीकडे आहे: गाळणीत, टी-पाइपमध्ये किंवा घराच्या लाइनमध्ये. एकच चर भरलेला आणि बाकी कोरडे, तर पाणी वाटणारी पेटी कलली आहे. तिचं झाकण काढून पाणी सोडा, कोणत्या तोंडातून जास्त जातंय ते दिसेल. तोंडांना फिरवून पातळी जुळवता येणाऱ्या चकत्या बसवल्या की पेटी न उखडता काम होतं. फक्त जोराच्या पावसानंतर चर भरत असतील, तर प्रश्न भूजलाचा किंवा वरून येणाऱ्या पाण्याचा आहे. अशा वेळी टाकी पूर्ण उपसू नका, विशेषतः प्लास्टिकची किंवा फायबरची. भिजलेल्या जमिनीतून रिकामी टाकी वर उचलली जाते.

सगळेच चर कोरड्या दिवसांतही भरलेले असतील, तर काळा थर जाड झालाय. टाकी उपसून पाण्याचा वापर निम्म्यावर आणा. त्यानेही पाणी उतरलं नाही तर विश्रांती हाच खरा इलाज. चर कोरडा पडला, हवा आत शिरली की तेच जिवाणू एकमेकांना आणि साचलेल्या अन्नाला खाऊन थर विरवतात. त्यासाठी शेजारी चरांचा दुसरा संच आणि मध्ये पाणी वळवणारा व्हॉल्व्ह हवा. दर 6 ते 12 महिन्यांनी बाजू बदलायची. पाइपात मुळं असतील तर जोराने पाणी मारणारं जेट मशीन उपयोगी पडतं, मातीतल्या थरावर त्याचा काही परिणाम होत नाही. ॲसिड, कॉस्टिक, हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. मातीची रचना बिघडली की ती परत येत नाही.

दुसरा संच घ्यायचा तर

आधी जमीन पाणी किती मुरवते ते पाहा. चराच्या खोलीइतका, सुमारे 15 सेंटिमीटर रुंद खड्डा घ्या, कडा खरवडा, तळाला 5 सेंटिमीटर खडी टाका आणि रात्रभर पाण्याने भरलेला ठेवा. चिकणमाती फुगायला वेळ लागतो, हे भिजवणं टाळलं तर आकडा फसवा येतो. दुसऱ्या दिवशी खडीवर 15 सेंटिमीटर पाणी ठेवून अर्ध्या तासात किती उतरतं ते मोजा. 2.5 सेंटिमीटर उतरायला 5 ते 60 मिनिटं लागली तर साधे चर चालतील. त्याहून जास्त लागली तर वाळूचा उंचवटा करून त्यात पाणी सोडावं लागेल. फारच झपाट्याने उतरलं तर पाणी न गाळता भूजलात जातं, तेही चालणार नाही.

चर 45 ते 90 सेंटिमीटर रुंद, 30 मीटरपेक्षा लांब नको, दोन चरांत मधोमध किमान 1.8 मीटर अंतर. विहिरीपासून निदान 30 मीटर लांब; स्थानिक नियम त्याहून जास्त सांगत असतील तर तेवढे. माती ओली असताना खणू नका. खणणाऱ्या यंत्राच्या बकेटने कडा सारवल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि तिथूनच पाणी अडतं. तशा झाल्याच तर दाताळ्याने खरवडून मगच खडी भरा.

जागाच नसेल, तर टाकीपुढे हवा सोडणारं शुद्धीकरण युनिट बसवता येतं. चरात जाणाऱ्या पाण्यातलं जिवाणूंचं अन्न त्याने खूप कमी होतं आणि जुना थर हळूहळू पातळ होण्याची शक्यता वाढते. मात्र त्यातला हवा सोडणारा ब्लोअर अखंड चालला पाहिजे. विजेची बचत म्हणून तो बंद ठेवला की युनिटमधले जिवाणू मरतात आणि तोच गाळ पुढे चरात जातो.