विमानासाठी घरी इंजिन मॉनिटर बनवायचाय? मग हे आधी वाचा

मी अमेरिकेत एम्बेडेडमध्ये (यंत्रांच्या आत बसणारे छोटे कॉम्प्युटर) काम करतो. इथल्या एका मित्राचं स्वतः बांधलेलं आरव्ही-६ विमान आहे, दोन सीटचं, लायकॉमिंग ओ-३२० इंजिनवालं, त्याच्यासाठी मी फ्युएल आणि इंजिन मॉनिटर बनवला, म्हणजे इंजिनचं तापमान, इंधन वगैरे आकडे स्क्रीनवर दाखवणारा डबा. तेव्हापासून ओळखीतली पोरं विचारतात, दादा आर्डुइनो (हौशी लोकांचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) येतं मला, मी पण करू का? कर की. पण कोड हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. आकडा स्क्रीनवर यायला एक वीकेंड पुरतो, तो आकडा खरा आहे का हे बघण्यात महिने जातात. मॉनिटर बंद पडला तर पायलट त्याच्याकडे बघणं सोडतो आणि जुन्या गेजवर जातो, विषय संपला. खरा धोका आहे तो पटण्यासारखा चुकीचा आकडा दाखवणाऱ्या मॉनिटरचा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. असा डबा एक्सपेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट विमानात चालतो, म्हणजे ज्याचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने केलंय ते. फ्लाइंग क्लबच्या सर्टिफाइड सेस्ना १७२ मध्ये स्वतःच्या मनाने काहीही ठोकता येत नाही. आपल्याकडे हा रस्ता किती खडतर आहे ते कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांना विचारा, डीजीसीएचं (आपल्याकडची विमानांची सरकारी नियामक संस्था) रजिस्ट्रेशन मिळायला त्यांना २०१७ उजाडलं.

आता तापमान. सिलेंडर हेडचं तापमान (सीएचटी) बहुतेक वेळा जे टाइप थर्मोकपलने (दोन वेगळ्या धातूंच्या वायरींचा तापमान सेन्सर) मोजतात आणि एक्झॉस्टचं (ईजीटी) के टाइपने. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची पहिली गंमत इथेच होते, कारण अमेरिकन वायरमध्ये लाल म्हणजे निगेटिव्ह! के मध्ये पिवळी पॉझिटिव्ह, जे मध्ये पांढरी. उलटी जोडली की इंजिन तापेल तसा आकडा खाली जातो, ते लगेच लक्षात येतं, त्यामुळे त्याची फार भीती नाही. भीती वेगळ्याची आहे. प्रोबची (सेन्सरच्या टोकाची) वायर कमी पडली म्हणून कोणीतरी मध्ये साधी तांब्याची वायर जोडतो. समजा काउलच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) आत जिथे जोड आहे तिथे ७० अंश सेल्सिअस आहे आणि केबिनमध्ये डब्यापाशी २०. थर्मोकपल प्रोब ते जोड एवढाच फरक सांगणार, आणि डब्यातली थर्मोकपल वाचणारी चिप त्यात जोडाचे ७० न मिळवता स्वतःचे २० मिळवणार. झाले ५० सेल्सिअस कमी, फॅरेनहाइटमध्ये ९०. हेड ४३० फॅरेनहाइटवर असेल आणि स्क्रीन निवांत ३४० दाखवेल. या इंजिनची कमाल मर्यादा ५०० असली तरी इंजिन टिकावं म्हणून क्रूझमध्ये लोक ४०० च्या खाली ठेवतात, म्हणजे पायलटला काउल फ्लॅप (थंड हवेसाठीची झडप), मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण), चढाईचा वेग कशाचंच काही करावंसं वाटणार नाही कारण ३४० म्हणजे मस्तच की. म्हणून वायर वाढवायची तर त्याच टाइपची वाढवा आणि कनेक्टरपण त्याच टाइपचे घ्या, महाग पडतात पण घ्या.

दुसरं, थर्मोकपल वाचणाऱ्या मॅक्स३१८५५ चिपला ग्राउंडेड प्रोब (ज्याचं टोक बाहेरच्या धातूला जोडलेलं असतं) चालत नाही, शॉर्टचा फॉल्ट देते. मला हा फॉल्ट आवडतो, निदान तोंडावर सांगते. टेस्ट बेंचवर करा, बर्फाच्या पाण्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात शंभर (पुण्यात ९८ च्या आसपास, उंचीमुळे, चिपला शिव्या देऊ नका).

फ्युएल फ्लोला टर्बाइनवाला सेन्सर असतो, लोक ज्याला रेड क्यूब म्हणतात तो गॅलनला साधारण ६८,००० पल्स देतो. ताशी ८ गॅलन जळत असेल तर सेकंदाला दीडशेच्या आसपास, कुठलाही मायक्रोकंट्रोलर मोजेल. पण तो ६८,००० आकडा तुमच्या प्लंबिंगमध्ये तसाच राहत नाही, सेन्सरच्या आधी लगेच एल्बो (पाइपचं वळण) आला की बदलतो, म्हणून दर वेळी टाकी भरताना पंपावरचे गॅलन आणि मॉनिटरचे गॅलन वहीत शेजारी शेजारी लिहायचे आणि फॅक्टर सुधारत जायचा. आणि उरलेलं इंधन म्हणून जे दिसतं ते तुम्ही सुरुवातीला टाइप केलेल्या आकड्यातून वजा केलेलं असतं. टाकीचं झाकण नीट न लागल्यामुळे पंखावरून पेट्रोल उडून गेलं तर त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही. म्हणून टाकीतला फ्लोट (इंधनावर तरंगून पातळी सांगणारा सेन्सर) वेगळा लागतोच. तोही सरळ नाही, पंख बाहेरच्या बाजूला वर उचललेले असतात त्यामुळे टाकी पूर्ण भरायच्या आधीच फ्लोट वर टेकतो आणि पहिले काही गॅलन जळेपर्यंत काटा हलत नाही. शेपटीखाली स्टँड लावून विमान उडताना असतं तसं लेव्हल करा, दोन दोन गॅलन ओता आणि प्रत्येक वेळी रीडिंग घ्या. कंटाळवाणं आहे पण शॉर्टकट नाही. ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलरचा आतला एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) यासाठी वापरू नका, सरळ रेषेत चालत नाही, बाहेरून एडीएस१११५ ही एडीसी चिप लावा.

आरपीएम मॅग्नेटोच्या (स्पार्क प्लगला ठिणगी देणारा भाग) पी-लीडवरून, म्हणजे त्याच्या स्विचकडे जाणाऱ्या वायरवरून, घेणार असाल तर हे नीट वाचा. ती वायर ग्राउंड झाली की मॅग्नेटो बंद होतो, स्विच तेच करतो. त्यामुळे ३० किलोओमच्या आसपासचा रेझिस्टर डब्यात नाही तर पी-लीडच्या टोकाशीच लावायचा, म्हणजे पुढची वायर घासून बॉडीला टेकली तरी इंजिन चालू राहतं. ऑइल प्रेशरचा सेन्सर इंजिनवर थेट बसवू नका, कंपनाने फिटिंग तुटतं, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधली भिंत) बसवून होज घ्या.

स्क्रीनचं सांगायचं राहिलं. सेन्सरकडून दोन सेकंद काही आलं नाही तर आकडा पुसून लाल फुली मारायची, शेवटचा आकडा तसाच ठेवायचा नाही.

भारतात बसून शिकायचं तर विमानाची वाट बघत बसू नका. स्पार्क प्लगखाली वॉशरसारखा बसणारा थर्मोकपल मिळतो, तो बाइकच्या प्लगच्या मापाचा घ्या (विमानाचे प्लग १८ मिलिमीटरचे). बुलेटला लावा, घाट चढा, डेटा लॉग करा, आणि मग मुद्दाम मध्ये तांब्याची वायर टाकून पुन्हा लॉग करा आणि किती फरक पडतो ते बघा.