देवमासे किनाऱ्याला लागले आणि समुद्रात नौदलाचा सराव चालू होता, तर काय करायचं आणि काय बघायचं

देवमासे किंवा डॉल्फिन किनाऱ्याला लागले की लगेच दोन गट पडतात, एक म्हणतो सोनारनेच (नौदलाचं पाण्यात आवाज सोडून पाणबुड्या शोधणारं यंत्र) मारले, दुसरा म्हणतो असं तर पूर्वीपासून होतंय, आणि पुरावा दोघांकडेही नसतो. पुरावा असतो त्या प्राण्याच्या डोक्यात, कानाच्या आतल्या भागात, आणि तो उन्हात काही तासांत सडायला लागतो. त्यामुळे आधी पोचलेल्या माणसाने काय केलं यावर सगळं अवलंबून असतं.

प्राणी जिवंत असेल तर आधी फोन. तिथल्या वन्यजीव खात्याला किंवा स्ट्रँडिंगची (म्हणजे असे किनाऱ्याला लागलेल्या प्राण्यांसाठीची) हेल्पलाइन असेल तर तिला. तोवर त्याला पोटावर सरळ ठेवायचं, दोन्ही बाजूच्या फ्लिपरखाली (हातासारखे पर) वाळूत खड्डे करायचे म्हणजे ते दबत नाहीत, अंगावर ओलं कापड टाकायचं पण डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मोकळंच हवं, त्यात पाणी किंवा वाळू गेली तर प्राणी गुदमरतो. शेपटीला धरून ओढू नका, शेपटीजवळ उभेही राहू नका, एका फटक्यात माणसाची हाडं मोडतात. त्याच्या श्वासाच्या तुषारापासून लांब राहा, त्यातून आजार येऊ शकतात. आणि स्वतःच्या मनाने समुद्रात ढकलू नका प्लीज, आजारी किंवा जखमी प्राणी परत किनाऱ्यालाच येतो आणि दुसऱ्या खेपेला अजून थकलेला असतो.

प्राणी मेलेला असेल तर नोंद हेच मुख्य काम. वेळ, नेमकी जागा, भरती की ओहोटी, किती प्राणी आणि एकमेकांपासून किती अंतरावर. फोटो दोन्ही बाजूंनी, डोकं, दात, शेपटी, आणि शेजारी मापाला काहीतरी ठेवून. डोळ्यातून, कानाजवळून, तोंडातून रक्त येतंय का तेही टिपायचं, पण त्यावरून निकाल लावायचा नाही. कापाकापी अजिबात नको, ते तज्ज्ञांचं काम, आपण फक्त शक्य तर सावली करायची आणि लोकांना लांब ठेवायचं.

नोंद एवढी का महत्त्वाची ते बहामाज या अटलांटिकमधल्या बेटांवरच्या घटनेवरून कळतं. मार्च २००० मध्ये तिथे साधारण ३६ तासांत १७ प्राणी किनाऱ्यांवर आले, बहुतेक चोचवाले देवमासे, आणि तेव्हा जवळच अमेरिकन नौदलाचा सोनार सराव चालू होता. तिथे बरीच वर्षं देवमाशांचा अभ्यास करणारे केन बालकॉम्ब यांनी मेलेल्या प्राण्यांची डोकी लगेच फ्रीजरमध्ये ठेवली, नंतर तपासणीत कानाभोवती रक्तस्राव दिसला, आणि २००१ च्या अहवालात नौदलाने मान्य केलं की सोनार हेच सर्वात संभाव्य कारण आहे. डोकी वाळूत सडली असती तर वाद आजही चालू असता.

आता संशय कधी घ्यायचा. पहिलं म्हणजे प्रजाती बघा. पायलट व्हेलसारखे कळपाने राहणारे देवमासे सोनार नव्हता तेव्हाही एकगठ्ठा किनाऱ्याला लागायचे, त्यामुळे तेवढ्यावरून काही ठरत नाही. पण चोचवाले देवमासे खोल समुद्रात राहतात, तासापेक्षा जास्त वेळ बुडी मारतात, ते असे घोळक्याने सहसा येत नाहीत. ते एक-दोन दिवसांत, एकाच जागी न येता लांबवर विखरून आले, अंगाने धडधाकट, पोटात ताजं खाणं, आणि किनाऱ्याजवळ खोल पाणी असेल, तर सोनारचा संशय घ्यायलाच हवा. सप्टेंबर २००२ मध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांवर नौदलाच्या सरावाच्या वेळी असेच १४ आले होते, त्यांच्या शरीरात वायूचे बुडबुडे सापडले, जसं पाणबुड्या माणसाला घाईत वर आल्यावर होतं तसं. अंदाज असा की आवाजाला घाबरून त्यांची बुडी मारायची पद्धतच बिघडते. स्पेनने २००४ मध्ये तिथे सोनारवर बंदी घातली आणि त्यानंतर तसं सामूहिक किनाऱ्याला लागणं थांबलं.

पण एक मेख आहे. सडतानाही बुडबुडे होतात, म्हणून लॅबवाले वायू कोणता ते तपासतात, बुडीमुळे झाले असतील तर मुख्यतः नायट्रोजन, सडण्यामुळे असतील तर हायड्रोजन वगैरे सापडतं. मृत्यूची वेळ माहीत असेल तरच ह्या तपासणीला अर्थ, म्हणून प्राणी शेवटचा जिवंत कोणी आणि कधी पाहिला हे आसपासच्या लोकांना विचारून ठेवा.

स्फोटाची खूण वेगळी असते, कानातली बारीक हाडं निखळलेली, फुप्फुसात आणि जबड्यातल्या चरबीत रक्त. बाहेरून प्राणी ठीकठाक दिसू शकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये बाल्टिक समुद्रात दुसऱ्या महायुद्धातले ४२ सुरुंग फोडले गेले, नंतर मेलेल्या पॉरपॉइजमध्ये (डॉल्फिनसारखा छोटा प्राणी) अशाच जखमा सापडल्या. म्हणजे फक्त सराव नाही, जुने सुरुंग निकामी करायचं काम चालू होतं का हेही विचारायचं. आणि मार्च २०११ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ तर नौदलाच्या सरावात स्फोटाचा टायमर सुरू झाल्यावर डॉल्फिन स्फोटाच्या जागी आले, थांबवता आलं नाही, त्यात काही मेले.

सराव होता की नाही कसं कळणार? जहाजांसाठी निघणारे नेव्हिगेशनल वॉर्निंग बघा, गोळीबाराच्या आणि स्फोटाच्या जागा, तारखा, वेळा त्यात असतात. जहाजांच्या लाइव्ह नकाशावर विसंबू नका, युद्धनौका आपला सिग्नल बंद ठेवू शकतात. आणि बातमीत सोनारचा आवाज २३५ डेसिबल असं वाचून विमानाच्या आवाजाशी तुलना करू नका, पाण्यातला आकडा वेगळ्या मापाचा असतो, हवेशी ढोबळ तुलनेला त्यातून साधारण ६२ वजा करावे लागतात. वॉर्निंगची तारीख आणि वेळ तुमच्या नोंदीशेजारी लिहून सगळं मूळ फोटोंसकट पोस्टमॉर्टेम करणाऱ्या टीमकडे द्या, फॉरवर्ड केलेल्या फोटोत वेळ आणि जागा बऱ्याचदा उडालेली असते.